कानसेन

कानसेन समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, कानाकडे बघून बोलतात. नवीन माणूस त्यामुळे हमखास बावचळतो. आधी तो कानामागून बोट फिरवून बघतो, मग दाढीचा साबण राहिला असेल म्हणून रुमालाने पाळी पुसतो आणि शेवटी न राहवून विचारतो, "काही लागलंय का?" त्यावर कानसेन म्हणतात, "छे हो, चांगला आहे. वाटी खोल आहे. तुम्हाला लहान कुशन चालायचं नाही. चष्मा कधीपासून?"

त्यांचं खरं नाव आमच्या डब्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही आणि उरलेले निम्मे ते विसरलेत. फोर्टातल्या एका विमा कचेरीत ते अधिकारी आहेत. पुण्याहून सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन, संध्याकाळी मुंबईहून ५.१० ला तीच गाडी परत, हा आम्हा पासवाल्यांचा संसार. जाता-येता मिळून सहा तासांवर वेळ गाडीत जातो. त्यात कोणी पत्ते कुटतं, कोणी झोपतं, कोणी कालचं अर्धं राहिलेलं भांडण पुरं करतं. कानसेन गाणं ऐकतात. ऐकण्याची तयारी करतात, असं म्हणणं जास्त खरं. त्यांच्या बॅगेचा एक कप्पा जेवणाच्या डब्यासाठी आहे आणि बाकीचे सगळे हेडफोनसाठी.

प्रवासातला हेडफोन कानाला कळता कामा नये, हे त्यांचं तत्त्व. "आवाजाचं नंतर बघू. आवाज बरा की वाईट हे पाच मिनिटांत समजतं आणि वाईट असला तरी आठवड्याभरात सवय होते. पण टोचणाऱ्या गोष्टीची माणसाला सवय होत नाही."

"होते," त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या. "पंचवीस वर्षं लागतात."

सल्ला मागायला येणारा बहुधा "पाच हजारांत चांगला कुठला?" असं विचारत येतो. कानसेनांना हा प्रश्न असभ्य वाटतो. "पैशाचं शेवटी बोलू. आधी डोकं बघू." मग चौकशी सुरू होते. चष्मा सारखा लावता की वाचण्यापुरता? घाम कपाळाला येतो की कानामागे? गाडीत झोपता का? मान कुठल्या बाजूला पडते? प्रवासात खाता का? डोक्याला तेल लावता का? आमच्या डब्यात या प्रश्नांची आता कोणाला लाज वाटत नाही. एका सद्गृहस्थांनी तर आपली मान कल्याणपर्यंत डावीकडे आणि कल्याण गेलं की उजवीकडे पडते, असं शेजाऱ्याकडून लेखी आणलं होतं.

आणि गंमत म्हणजे त्यांचा सल्ला चुकत नाही. जाड काड्यांचा फॅशनेबल चष्मा लावणारी एक सीए मुलगी, कान पूर्ण झाकणारा महागडा हेडफोन घेऊन रडकुंडीला आली होती. लोणावळा येईपर्यंत कानशिलं ठणकतात आणि इतके पैसे घालूनही गाडीचा खडखडाट आत येतोच, ही तिची तक्रार. कानसेनांनी हेडफोन हातातसुद्धा घेतला नाही.

"चष्मा काढ बघू, बाळ."

तिने काढला.

"आता?"

तिचा चेहराच बदलला. जाड काडी कुशनला उचलून धरते, मध्ये फट राहते. त्या फटीतून बाहेरची घरघर आत येते आणि गाण्यातला खर्ज बाहेर निघून जातो. वर पट्टीचा दाब पडतो तो सरळ काडीवर आणि काडीचा हाडावर. "हेडफोन उत्तम आहे. काडी बारीक कर." तिने पुढच्या आठवड्यात तारेच्या काडीचा चष्मा करून घेतला. हे गिऱ्हाईक आपल्याकडे कोणी धाडलं, हे त्या चष्मेवाल्याला अजून माहीत नाही.

कानात घालायच्या बोंडांचं प्रकरण नाजूक असतं. खोक्यात लहान, मध्यम आणि मोठी अशा रबरी टिपांच्या जोड्या येतात. लोक मध्यमवर समाधान मानतात आणि जन्मभर बोंड पडतं म्हणून कंपनीला शिव्या देतात. "दोन्ही कानांची भोकं सारखी असतात असं तुम्हाला कोणी सांगितलं? उजवीकडे मध्यम घाला, डावीकडे लहान," असं कानसेनांनी सांगितलं की माणूस थक्क होतो. आपलं डोकं दोन्ही बाजूंनी वेगळं आहे ही बातमी पचायला कर्जत येतं.

ज्यांना रबर टोचतं त्यांच्यासाठी फोमच्या टिपा. त्या बोटांत वळून बारीक करायच्या, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा म्हणजे आतला मार्ग सरळ होतो, मग टीप आत सरकवायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची. हे सांगून जमत नाही, म्हणून कानसेन करून दाखवतात. एकदा एका बँकेचे उपव्यवस्थापक शिकायला बसले होते. टीसी आला तेव्हा कानसेन त्या सहाफुटी गृहस्थांचा कान धरून उभे होते आणि उपव्यवस्थापक डोळे मिटून "आणखी वर... आणखी थोडं वर" म्हणत होते. टीसी पास न बघताच पुढे गेला.

कान असा गच्च बंद झाला की बाहेरचे आवाज थांबतात आणि स्वतःचे सुरू होतात. चघळणं, गिळणं, दाढ वाजणं, सगळं आत घुमायला लागतं. उपव्यवस्थापकांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याच अवस्थेत टोस्ट चावला आणि दचकून खिडकीबाहेर बघितलं. घाटात दरड कोसळली असं त्यांना वाटलं. तेव्हापासून "प्रवासात खाता का?" हा प्रश्न यादीत वर गेला.

नॉइज कॅन्सलिंगचा विषय निघाला की जुनी मंडळी पत्ते नव्याने वाटून घेतात, कारण तो सबंध घाट पुरतो. हेडफोनवरचा बारीक मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, आतलं यंत्र त्याच्या नेमकी उलटी लाट सोडतं आणि दोन्ही एकमेकींना मारतात. हे जमतं ते एकसुरी, जाड आवाजाच्या बाबतीत. विमानाचं इंजिन, एसी डब्यातला पंखा, रुळांवरची अखंड घरघर. मध्येच उठणारा, उंच सुरातला आवाज या सापळ्यातून निसटतो. म्हणजे डेक्कन क्वीनची घरघर जाते आणि "कटलेट, ऑम्लेट, टोस्ट बटर" उरतं. पूर्वी ते घरघरीत निम्मं बुडायचं, आता स्वच्छ शब्दोच्चारांसह कानात येतं. हजारो रुपये मोजून ऑम्लेटवाल्याचा आवाज सुधारून घेतल्याची भावना झालेले दोघे-तिघे आमच्या डब्यात आहेत.

या विषयात कानसेनांचं दैवत म्हणजे अमर बोस. वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेत गेलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक. १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला जाताना बोसांनी विमानात मिळालेला हेडफोन लावला आणि इंजिनाच्या आवाजात गाणं धड ऐकू येईना. दुसरा कोणी हवाईसुंदरीला बोलावून तक्रार करता. बोसांनी तिथेच कागदावर गणित मांडायला घेतलं. त्यातून पुढे १९८९ मध्ये वैमानिकांसाठी हेडसेट बाजारात आला आणि तुमच्या-माझ्यासारख्या प्रवाशाने विकत घ्यावा असा हेडफोन आला तो २००० साली. ही गोष्ट कानसेन घरीही वरचेवर सांगतात. "बोसांना बावीस वर्षं लागली. मला मनासारखा हेडफोन मिळायला जरा वेळ लागला तर घरात एवढी आरडाओरड कशाला?"

खरी अडचण त्यांच्या आवडीतच आहे. ते ख्याल ऐकतात, आणि चालत्या गाडीत ऐकायला याहून गैरसोयीचं संगीत माणसाने निर्माण केलेलं नाही. सिनेमाचं गाणं बहुधा पहिल्यापासून शेवटपर्यंत एका पातळीवर ओरडत असतं, आवाज एकदा बेतला की झालं. इथे अमीर खाँसाहेब अतिविलंबित मारवा घेऊन बसलेत. तानपुऱ्याची जवारी आणि मंद्रातले स्वर गाडीच्या घरघरीखाली सर्वांत आधी गाडले जातात. म्हणून ऐकणारा आवाज वाढवतो. आणखी वाढवतो. बरं वाटून डुलकी लागते, आणि लय वाढून तबला मोकळा झाला, ताना सुटल्या की कानठळ्या बसून जाग येते. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा. ९० वर नेलंत तर त्याचे ४ तास उरतात, हे कानसेनांना पाठ आहे. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरचा गोंगाट अडवला तर मुळात आवाज वाढवावा लागत नाही. दोन तासांनी डोकं भणभणतं ते या वाढवलेल्या आवाजाने, आणि लोक उगाच कुशनला दोष देतात. त्यांच्या सगळ्या शास्त्रात मला निर्विवाद पटलेली ही एक गोष्ट. फोनसोबत फुकट आलेल्या, सैल बसणाऱ्या इअरफोनवर पूर्ण आवाजात गाणी ऐकणारी पोरं दिसली की मलाही हल्ली त्यांच्या कानांकडे बघावंसं वाटतं.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारांना कानसेन दुरून ओळखू येतात. ते दुकानात शिरतात, आवडलेला हेडफोन मागतात, डोक्यावर चढवतात आणि स्टुलावर बसून राहतात.

"काका, गाणं लावू?"

"नको. वजन बघतोय."

दुकानातला पोरगा पंधरा सेकंदांत ढँगढँग बास ऐकवून माल खपवायला शिकलेला असतो. इथे गिऱ्हाईक पाऊण तास काही न ऐकता बसलंय. कारण पट्टीचा दाब पहिल्या पाच मिनिटांत मऊ वाटतो आणि पाऊण तासाने खरा काय तो समजतो. मधूनमधून ते जांभई देतात, कारण जबडा उघडला की कानाजवळचा भाग हलतो. मान खाली घालून पेपर वाचल्यासारखं करतात, कारण जड हेडफोन तेव्हाच पुढे घसरतो. शेवटी काउंटरच्या काचेवर डोकं कलतं टेकवून डोळे मिटतात. ही खिडकीची परीक्षा. एकदा त्या परीक्षेत त्यांना खरोखरच झोप लागली आणि मालकाने शटर अर्धं ओढून उठवलं. हेडफोन उत्तीर्ण झाला, पण इतक्या वेळात त्यांची ५.१० ची गाडी चुकली, म्हणून त्यांनी तो घेतला नाही. अपशकुन.

वजनावर त्यांचा मोठा राग आहे. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला, तोवर बहुतेक हेडफोन म्हणजे ३००-४०० ग्रॅमचं ओझं होतं. वॉकमनबरोबरचा ५० ग्रॅमच्या आसपास होता, बारीक पट्टी आणि स्पंजाच्या दोन चकत्या. शिवाय त्या यंत्राला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकायला. "मग पुढे काय झालं?" कानसेन विचारतात. "आज चांगला म्हणतात तो पाव किलोचा. अॅपलचा तो मोठा तर ३८५ ग्रॅम! आपण फिरून तिथेच आलो." यावर वहिनींचं वेगळं मत आहे. मंडईतून पाव किलो भेंडी आणायला सांगितलं की यांचा खांदा धरतो, आणि डोक्यावर पाव किलो घेऊन मुंबईला जाताना काही होत नाही.

घरी हेडफोनांची स्वतंत्र कपाटं आहेत. जे फार आवळतात ते रात्रभर भारतीय संस्कृतिकोशाच्या जाडजूड खंडांना घातलेले असतात, पट्टी सैल व्हावी म्हणून. घरी आलेल्या पाहुण्यांना संस्कृतिकोश गाणं ऐकत बसल्यासारखा वाटतो. निवृत्त झालेले वेगळ्या खणात. त्यांच्या कुशनवरचं खोटं कातडं दोन पावसाळ्यांत सोलपटून निघालेलं असतं. असा एक लावून कानसेन ऑफिसच्या बैठकीला गेले होते, तेव्हा दोन्ही कानांना काळे पापुद्रे चिकटलेले बघून साहेबांनी त्यांना त्वचेच्या डॉक्टरचा नंबर दिला.

मध्यंतरी ते जुन्या बाजारातून एक जर्मन हेडफोन घेऊन आले, पिवळ्या स्पंजाचा. १९६८ चं डिझाइन, सेनहायझरचा एचडी ४१४, मागून उघडा, पिसासारखा हलका, कानाला वारा लागणारा. "हाच तो!" असं त्यांनी पुणे स्टेशनवरच जाहीर केलं. उघड्या हेडफोनमधून बाहेरचं आत येतं तसं आतलंही बाहेर जातं हे त्यांना अर्थात ठाऊक होतं, पण प्रेमात माणूस या गोष्टी बघत नाही. शिवाजीनगर सुटलं, मारवा सुरू झाला आणि समोर बसलेल्या एका आजोबांनी कानसेनांच्या आधी समेवर मान हलवली. दोन आवर्तनांनी "वाहवा" म्हणाले. कानसेन ओशाळून हेडफोन काढायला लागले, तर आजोबा म्हणाले, "अहो, असू दे. जरा मोठं करा फक्त."

वायरीचा आणि बिनवायरीचा वादही त्यांनी करून संपवला आहे. २०१६ मध्ये आयफोनवरचं भोक गेलं, हळूहळू बाकीच्यांचंही गेलं, तेव्हा त्यांना घरातलं कोणी गेल्यासारखं झालं. पण चहावाल्याची किटली वायरीत अडकून दोनदा सांडल्यावर त्यांनी इअरबड घेतले. त्यातला डावा मंकी हिलजवळ दारात उभे असताना कानातून सटकला आणि दरीत गेला. तिथल्या माकडांपैकी एक आता डाव्या कानाने ख्याल ऐकतं असं आमच्या डब्यात मानतात.

डावाच का, याचं उत्तर म्हणजे कानसेनांची शोकांतिका. दुसऱ्यांचे कान दोन मिनिटांत वाचणाऱ्या या माणसाचा स्वतःचा डावा कान कोणालाच वाचता आलेला नाही. भोक अरुंद, त्याला आत एक वळण, बाहेरची वाटी उथळ आणि वर चष्म्याची काडी टेकते तिथे नेमका हाडाचा उंचवटा. लहान टीप पडते, मध्यम टोचते, फोमने खाज सुटते. कानावर बसणाऱ्याने पाळी दुखते आणि कान झाकणाऱ्याने घाम येतो. म्हणून त्यांनी वेळापत्रक आखलं आहे. लोणावळ्यापर्यंत मोठा, घाटात बोंडं, कल्याणपासून हलका स्पंजाचा, दादर ते सीएसएमटी काहीही नाही, कान मोकळे. "तीन तास एका कुशीवर झोपता का तुम्ही? कानालाही कूस बदलावी लागते." दाब रोज नव्या जागी पडला की कुठलीच जागा दुखत नाही, हे तसं खरंच आहे. फक्त हेडफोन काढणं, गुंडाळणं, दुसरा जोडणं, फोनला त्याची ओळख पटवणं यात ख्याल कधी पुरा होत नाही. गेली कित्येक वर्षं ते तोच मारवा ऐकताहेत, आणि द्रुतपर्यंत पोचलेत ते मेगाब्लॉकच्या दिवशीच. वहिनी मात्र कुठल्याशा फोनसोबत आलेल्या पांढऱ्या वायरीवर बंगळूरपर्यंत अभंग ऐकत जातात आणि ताज्यातवान्या उतरतात. हे उदाहरण कानसेनांना शास्त्रीय वाटत नाही.

मध्यंतरी त्यांच्या मुलीने स्वतःच लग्न ठरवलं आणि मुलगा घरी भेटायला आला. चार माणसं जुनी, बोलकी असावीत म्हणून मलाही बोलावणं होतं. मुलगा शिकलेला, गोरागोमटा, जरासा घाबरलेला. वहिनी पोहे आणायला आत गेल्या. मुलीच्या मावशीने पगार, घर, आईवडील कुठे असतात वगैरे विचारून घेतलं. कानसेन काही बोलत नव्हते. ते एकटक मुलाच्या उजव्या कानाकडे बघत होते. मग खुर्ची बदलून दुसऱ्या बाजूला बसले आणि डाव्याकडे बघत राहिले. मुलाने हळूच कानामागून बोट फिरवलं.

"असे कान मी आजवर बघितले नाहीत," कानसेन माझ्या कानात म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "दोन्ही सारखे!"

मग ते मुलाकडे वळले. "रात्रीच्या बसने जाता ना? कुठल्या कुशीवर झोपता?"

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"उजव्या," मुलगा म्हणाला. नोकरीच्या मुलाखतीला द्यावं तसं त्याने चटकन उत्तर दिलं.

"छान. आणि वापरता काय?"

"म्हणजे?"

"प्रवासात. कानाला."

"काहीच नाही. खिडकीतून बाहेर बघत बसतो."

खोलीत कोणी बोलेना. मावशीला यात काय बिघडलं ते समजत नव्हतं. मुलीला समजत होतं, आणि तिने डोक्याला हात लावला. कानसेन सावकाश उठले, कपाटाशी गेले, बरीच शोधाशोध केली आणि एक चिमुकली डबी घेऊन आले. आत केशरी रंगाचे फोमचे इअरप्लग होते.

"गाणं नका ऐकू. हरकत नाही. पण एवढे कान देवाने दिलेत, निदान झोपताना हे तरी. हे असं वळायचं... आणि कान वर आणि मागे... नाही, तसा नाही. थांबा, मीच दाखवतो."

वहिनी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आल्या तेव्हा होणाऱ्या जावयाचा कान सासऱ्यांच्या चिमटीत होता.

"अहो, कानपिळी लग्नात असते!" त्या ओरडल्या. "आणि ती मुलीच्या भावाने करायची असते!"